चौथा मजला डॉट कॉम

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. पुढे कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा लागतात, आणि माझ्या डोक्यात तारखा राहत नाहीत असं ही नेहमी म्हणते.

काम असं: आमच्या बँडची वेबसाइट काढायची. बँडचं नाव ‘चौथा मजला’. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, आणि ड्रम जिन्यावरून चढवता-उतरवता नऊ वर्षं गेली, म्हणून हे नाव. माणसं चार. बास गिटारवर मी. ड्रमवर डेंटिस्ट, कॉलेजपासूनचा मित्र. कीबोर्डवर सर, म्हणजे गणिताच्या शिकवण्या घेणारे. आणि गायला ही.

ही सध्या तिच्या ताईकडे आहे. चार आठवडे झाले. घशाला आराम. गळा हेच हिचं वाद्य, तेव्हा योग्यच आहे. जाताना लोकरीचे आणि सुती, दोन्ही कपडे नेले. हल्ली हवामानाचा काही भरवसा नाही.

वेबसाइट झाली, तिच्यावर हिचा मोठा फोटो लागला, की ही परत येणार. मला हे अगदी स्पष्ट दिसतंय.

संकल्प: रोज अर्धा तास रियाज. हिला दिवसातून एकच फोन. बाथरूमचा नळ गळतो तो दुरुस्त करणे (हिची जुनी मागणी).

आज फक्त डोमेनचं नाव घ्यायचं. पाच मिनिटांचं काम. माझा तर धंदाच नावांचा. पाट्या, शिक्के, ट्रॉफ्यांवरची अक्षरं. सतरा वर्षं लोकांची नावं कोरतोय, स्वतःचं एक निवडता येणार नाही?

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.३०

नाव गेलेलं आहे! chauthamajla.com कोणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. मालकाचं नाव झाकलेलं. नोंदणी गेल्या वर्षी ९ मार्चला, मुदत यंदाच्या ९ मार्चपर्यंत. आणि ९ मार्च हा माझा वाढदिवस. म्हणजे मी केक कापत होतो तेव्हा कुणी भामटा माझ्या बँडचं नाव खिशात घालत होता.

त्या पत्त्यावर काहीही नाही. पांढरं पान, मधोमध एकच शब्द. ‘लवकरच.’ काय लवकरच? मेल्याला लाज नाही.

रियाज झाला नाही. मनःस्थिती नव्हती.

३ फेब्रुवारी, दुपारी, दुकानात

भामट्याला निरोप पाठवायची सोय आहे. नाव दिसत नाही, पण एका चौकटीत मजकूर लिहिला की त्याला पोचतो. वकिली भाषेत लिहिलं. ‘आपणांस कळविण्यात येते की सदर नाव आमचे असून ते सात दिवसांत परत करावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.’ खाली सही: चौथा मजला, कायदा विभाग. कायदा विभागाचा गोल शिक्काही बनवला. तो स्क्रीनवर उमटत नाही हे शिक्का तयार झाल्यावर लक्षात आलं.

हिला फोन केला. उचलला नाही. आरामात आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी

भामटा गप्प. हरकत नाही, दुसरी नावं काढू. अकरा निवडली. पुढे the लावून, मागे band लावून, official लावून, real लावून. एकात नुसता ४ आकडा घातलाय, ते आधुनिक वाटतं.

निर्णय अर्थात बँडच्या पद्धतीने. ही पद्धत माझीच. पूर्वी सर प्रत्येक गोष्टीवर पाऊण तास बोलायचे, म्हणून मी नियम केला: बोलायचं नाही, वाजवायचं. प्रस्ताव मान्य असेल तर आपापल्या वाद्यावर एक सूर किंवा एक ठोका. मान्य नसेल तर गप्प बसायचं. एक जरी गप्प बसला तरी प्रस्ताव बाद. कारण विचारायचं नाही. नऊ वर्षं या नियमावर बँड चालला. हिचं मत म्हणजे एक ‘सा’. तो लागला की खोली स्वच्छ झाल्यासारखी वाटायची.

अकराही नावं ग्रुपवर टाकली. मतं आवाजी निरोपाने मागवली.

त्याच दिवशी, रात्री ८

डेंटिस्ट: अकरा ठोके. एकच ठोका अकरा वेळा पाठवलाय असा संशय. सर: नऊ सूर. ही: एकही नाही. म्हणजे अकराही नावं बाद.

पसंती कडक आहे बाईसाहेबांची. मला हे आवडतं. कुणीतरी दर्जा सांभाळायलाच हवा. उद्या आणखी चांगली नावं काढतो.

रियाज सुरू केला होता, पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी झाडूच्या दांड्याने छतावर ठोका दिला. सबब रियाज बंद.

९ फेब्रुवारी

डेंटिस्टच्या दवाखान्यात गेलो. दाढ हे निमित्त. बाहेरच्या खोलीत त्याचा मोठा ड्रम आडवा ठेवलाय आणि वर मासिकं. आमचं वाद्य दिवसभर लोकांच्या नजरेसमोर आहे, ही फुकटची प्रसिद्धीच.

माझ्या तोंडात आरसा घालून म्हणाला, अरे, बँडची प्रॅक्टिस होऊन अकरा महिने झाले, आणि तू कसली वेबसाइट काढतोयस? मग म्हणाला, वहिनींशी एकदा नीट बोल. मी म्हटलं, घसा. तो म्हणाला, बाबा रे, घसा इतके दिवस बसत नाही. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंड उघडं असताना बोलता येत नाही.

अकरा महिने हा आकडा त्याने फुगवलाय. घरी येऊन मोजलं. अकराच भरले.

शेवटची प्रॅक्टिस माझ्या वाढदिवसाची. त्या दिवशी हिने स्वतःचं एक गाणं मतदानाला ठेवलं होतं. पहिलंच. नऊ वर्षं गाणी माझीच असायची, ही गायची. हिचं गाणं आमच्या गळक्या नळावर होतं. ताल त्या ठिबकण्याचाच. सर वाजले, डेंटिस्ट वाजला. माझं मत राहिलं. बोटांना केकचं क्रीम लागलेलं होतं, तार कशी छेडणार? ही म्हणाली, बरं. आणि पसारा आवरायला लागली.

ही हकिकत वेबसाइटवर घालायची गरज नाही.

१२ फेब्रुवारी

हिला फोन. ताईंनी उचलला. म्हणाल्या, ती कामात आहे, निरोप देते. मागून गाण्याचा आवाज येत होता. हिचाच. वर्षभरात घरी साधं गुणगुणणं नव्हतं, आणि तिथे चक्क गाते आहे!

घसा सुधारतोय. उत्तम बातमी. वेबसाइटची घाई करायला हवी.

(दुसरा फोनही केला. संकल्प उद्यापासून.)

१४ फेब्रुवारी

भामट्याला दुसरा निरोप. या वेळी गोडीत. कायदा विभाग बरखास्त. लिहिलं की आपण कोण आहात माहीत नाही, पण आपली निवड रसिकाची आहे. नाव परत दिलंत तर आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत जन्मभर एक खुर्ची आपली. शिवाय दारावरची पाटी माझ्याकडून भेट, हव्या त्या अक्षरात.

यापुढे त्याला भामटा म्हणायचं नाही. गृहस्थ म्हणायचं.

नळाला वायसर आणला. मापात चुकला.

१७ फेब्रुवारी, दुकानात

विलक्षण गोष्ट. आमच्या मालकांनी ऑर्डरची चिठ्ठी दिली. दारावरची पाटी, बारा बाय चार इंच, काळ्यावर पांढरी अक्षरं, स्क्रूसाठी दोन भोकं. आणि नाव हिचं! पुढे माहेरचं आडनाव. मालक म्हणाले, फोनवर एक बाई होत्या, ठसक्यात बोलत होत्या. म्हणजे ताई. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, नको असेल तर मी दुसऱ्याला देतो. मी म्हटलं, छे, हे घरचं काम.

विचार केला. ही गाण्याचा क्लास काढतेय. दुसरं काही असू शकत नाही. कलावंत बायका माहेरचं नाव लावतात, ते उठून दिसतं. क्लास निघाला म्हणजे विद्यार्थी आले, विद्यार्थी आले म्हणजे बँडला श्रोते आले. धोरणी आहे ही. मला आधी सांगितलं असतं तर शिक्काही करून दिला असता.

१९ फेब्रुवारी

पाटी झाली. इतकी सुरेख अक्षरं मी आजवर कोरली नव्हती. नाव डाव्या अर्ध्या भागात घेतलं आणि उजवी बाजू मोकळी सोडली. पुढे कधी दुसरं नाव घालावंसं वाटलं तर नवी पाटी नको. याला दूरदृष्टी म्हणतात. मालकांनी विचारलं, हे असं एका कडेला का? मी म्हटलं, डिझाइन आहे. त्यांनी पाटी उचलून ठेवली. मला दुपारी लवकर घरी जायला सांगितलं. कामावर खूश असावेत.

२० फेब्रुवारी

नवीन सात नावं ग्रुपवर टाकली. डेंटिस्ट सात ठोके. सरांचा एक लांबलचक सूर, बहुतेक कोपर कीबोर्डवर पडलं असावं. हिचं मत नाही. सातही बाद.

एकूण अठरा. हिला काहीतरी अगदी वेगळं हवंय, आणि ते मला सापडत नाहीये.

२२ फेब्रुवारी, रविवार

घर फार मोठं वाटतं. दोनच खोल्या आहेत, मोजून बघितल्या.

गृहस्थांना तिसरा निरोप लिहिला. व्यवसायात भावनिक आवाहन करावं लागतं, म्हणून मुद्दाम जरा मनातलं लिहिलं. आमची गायिका गायला लागण्याआधी पायातल्या चपला काढते, दौऱ्यावर असलो तरी. पहिल्या कडव्याला डोळे मिटते आणि दुसऱ्याला माझ्याकडे बघते, मी कुठे चुकणार ते तिला माझ्या आधी कळतं. ती सध्या थोड्या दिवसांसाठी बाहेर आहे. ती आली की तिला दाखवायला काहीतरी तयार हवं, रिकाम्या घरात बोलावणं बरं दिसत नाही. असं बरंच लिहिलं. पाठवल्यावर वाटलं, अनोळखी माणसाला हे सगळं सांगायची काय गरज होती? पण ऐकून घेतो बिचारा. मध्येच तोडत नाही.

गृहस्थ हा शब्द परका वाटतो. मित्र म्हणतो.

२५ फेब्रुवारी, दुकानात

ताई स्वतः आल्या. पाटी परत. म्हणाल्या, जावईबापू, नाव मधोमध घ्या. मी समजावलं की जागा ठेवली आहे, उपयोगी पडेल. त्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, तिने भाड्याने घर घेतलंय हो, एका खोलीचं. तिच्या दारावर लावायची आहे. क्लास-बिस काही नाही. आणि तुम्ही रोज चार-चार वेळा फोन करू नका, ती प्रत्येक वेळी फोन हातात धरून बसून राहते.

ताईंना चहा विचारायचा राहिला.

कोरलेली जागा बुजवता येते, मोकळी जागा सरकवता येत नाही. नवीन पाटी घेतली. नाव मधोमध. मोजपट्टीने दोन्हीकडचं अंतर तीनदा तपासलं. जुनी पाटी घरी आणली.

२७ फेब्रुवारी

एका खोलीचं घर, म्हणजे रियाजाची खोली असणार. ताईंना संगीतातलं काही कळत नाही.

१ मार्च

तरीही.

३ मार्च, पहाटे ५.४५

नळाच्या आवाजाने जाग आली. उठून मित्राला चौथा निरोप लिहिला. दात घासायच्या आधी.

लिहिलं की ९ तारखेला तुमची मुदत संपते आहे. मी टपून बसलो आहे असं समजू नका. तुम्हाला ते नाव एवढं आवडत असेल तर ठेवा. फक्त एक सांगायचं आहे आणि दुसरं कोणी ऐकणारं नाही. गेल्या वाढदिवशी आमच्या गायिकेने स्वतःचं गाणं म्हटलं, आणि मी तार छेडली नाही. क्रीम वगैरे काही नव्हतं बोटाला. हात पुसून बसलो होतो. डेंटिस्टला मी सांगितलं होतं की गिटारची वायर सैल होती. तेही खोटं. ते गाणं माझ्या सगळ्या गाण्यांपेक्षा चांगलं होतं. दुसऱ्या ओळीलाच मला ते कळलं, आणि मला वाटलं, हे एकदा वाजलं की माझी गाणी कोण ऐकणार? म्हणून मी बोट तारेवर ठेवून गप्प बसलो. ती वाट बघत होती. मी बराच वेळ खाली बघत होतो, आणि मग कोणीतरी केकची सुरी मागितली.

पाठवला.

त्याचं मन विरघळावं म्हणून लिहिलं, अर्थात. विक्रीचं तंत्र आहे ते.

ते तंत्र नव्हतं. स्वतःच्या वहीत तरी किती फसवायचं?

६ मार्च

उत्तर नाही. हिला फोन केला नाही. सलग नववा दिवस. पहिल्यांदाच एक संकल्प पाळला गेला आणि त्याने मला काहीच बरं वाटत नाहीये.

८ मार्च

प्लंबरला बोलावलं. त्याने तीन मिनिटांत नळ बंद केला. म्हणाला, साहेब, एवढ्याशा कामाला इतके दिवस का थांबलात? मी म्हटलं, राहून गेलं. तो गेल्यावर बाथरूमच्या दारात उभा राहिलो. काहीही ऐकू येत नव्हतं.

उद्या नाव मोकळं होईल. सकाळी सहाचा गजर लावलाय. एकदा नाव हातात आलं की सगळं मार्गी लागेल.

९ मार्च, सकाळी ६.०५

उत्तर आलं आहे.

मित्र नाही, भामटा नाही, गृहस्थ नाही. ती.

माझ्या गेल्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने ते नाव घेतलं होतं. संध्याकाळी सगळ्यांसमोर वेबसाइट उघडायची, आणि तिच्यावर पहिलं गाणं तिचं, असा बेत होता. गाणं पास होईल असं ती धरून चालली होती. चौघांत मी होतो, म्हणून.

लिहिलंय: नाव तुझ्या खात्यावर केलं आहे, पासवर्ड खाली दिला आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुझे चारही निरोप वाचले. तिसरा दोनदा. चौथ्यात एवढं लिहायची गरज नव्हती रे, त्या दिवशी एक तार छेडली असतीस तर पुरलं असतं. पाटी छान झाली आहे.

बस, एवढंच. खाली नाव. पाटीवर आहे तेच.

त्याच दिवशी, सकाळी ९

कामावर गेलो नाही. मालकांना फोन केला तर तेच म्हणाले, येऊ नका.

पासवर्ड घालून आत गेलो. ‘लवकरच’च्या मागे अख्खी वेबसाइट तयार होती. वर्षभर तयार होती. चौघांचे फोटो. सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा, माझा. बासवर वाकलोय, तोंड वेडंवाकडं झालंय. खाली तिने लिहिलंय: हा नसता तर आम्ही सगळे तळमजल्यावर असतो. कार्यक्रमांच्या तारखा अचूक. आणि एक गाणं.

अठरा नावं काढली मी.

त्याच दिवशी, सकाळी ११

ग्रुपवर एकच प्रस्ताव टाकला. चौथा मजला डॉट कॉम आज उघडायची का? पहिलं गाणं तिचं. मत वाजवून द्यावं.

दहा मिनिटांत डेंटिस्टचा ठोका. या वेळी खरा, ड्रमवरचा. मागे मासिकं खाली पडल्याचा आवाज आणि एक पेशंट दचकलेला. मग सरांचा सूर. एकच, आखूड, नीट.

त्याच दिवशी, दुपारी ४

थांबलो आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

तिने प्रस्ताव वाचल्याची खूण ११.०४ लाच आली होती.

गप्प बसणं म्हणजे नाही. कारण विचारायचं नाही. नियम माझाच.

गाणं लावलं. नीट ऐकलं, पहिल्यापासून. तिच्या आवाजामागे आमचा नळ ठिबकतोय, बाथरूमचं दार उघडं ठेवून रेकॉर्ड केलं असणार. दुसऱ्या ओळीला मला पुन्हा तेच कळलं. शेवटी तिने सूर सोडल्यावर तीस-पस्तीस सेकंद काहीच नाही, नुसतं ठिबकणं. तेवढी जागा तिने मतांसाठी ठेवली होती.

बास काढला, वायर जोडली, आणि त्या जागेत एक तार छेडली. पहिल्यांदा बेसूर लागली. तार पिळली, गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि शेवटाला पुन्हा छेडली. या वेळी बरोबर लागली.

खालून काकूंनी छतावर एक ठोका दिला. पण त्या बँडमध्ये नाहीत, त्यांचं मत धरता येत नाही.

वेबसाइट उघडली नाही. प्रस्ताव बाद आहे. ‘लवकरच’ एवढा शब्द मात्र मी पानावरून काढून टाकला.